दहा हजार ल्यूमेनवाल्यांना अनावृत पत्र

रा. रा. सायकलच्या दिव्यांचे उदार विक्रेते यांस,

स. न. वि. वि.

आपला डबा समोर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. काळा चकचकीत पुठ्ठा, त्यावर रात्रीच्या डोंगरउतारावरून झेपावणारा सायकलस्वार आणि सोनेरी अक्षरांत ‘१०,००० ल्यूमेन’. त्याखाली ‘६ तास’ आणि ‘वॉटरप्रूफ’. किंमत सोळाशे रुपये. एवढ्या थोडक्या पैशांत एवढा उजेड वाटणाऱ्या सत्पुरुषाचे नावगाव डब्यावर चारही बाजूंनी शोधले. कुठेही छापलेले नाही. गुप्तदानाची आपली ही वृत्ती पाहून गहिवरून आले आणि आभार जाहीरपणेच मानावेत, असे ठरवले.

पहिले आभार गणिताबद्दल. सायकलच्या दिव्यात एका वॅटला साधारण शंभर ल्यूमेन मिळतात, असे धरू. म्हणजे दहा हजार ल्यूमेनला शंभर वॅट हवेत. आपल्या दिव्याच्या काचेमागे तीन एलईडी आहेत. त्या जातीचा अस्सल एलईडी दहा वॅट घेऊन हजाराच्या आसपास ल्यूमेन देतो. तिघांचे मिळून तीन हजार झाले, तेही एलईडी अस्सल असतील तर. उरलेले सात हजार आपण पदरचे घातलेत. असा दाता आज कुठे मिळतो?

शंभर वॅटमधली बरीचशी वीज उजेड न होता उष्णता होते. ती बाहेर टाकायला दिव्याच्या अंगाला जाड धातू आणि पंख्यासारख्या खाचा लागतात. आपला दिवा मुठीत मावतो, त्याचे कवच पातळ पत्र्याचे आहे, आणि तरी तो हाताला जेमतेम कोमट लागतो. इतका शीतल प्रकाश देण्याची किमया साधल्याबद्दल आपले अभिनंदन.

दुसरे आभार बॅटरीबद्दल. निळे प्लास्टिक कापून आतले चार सेल बाहेर काढले. १८६५० या मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. प्रत्येकावर ‘९,९०० एमएएच’ छापलेले. या मापात नामवंत कंपन्यांचे चांगले सेलही ३,५०० च्या आसपासच थांबतात. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या वर भरतो. आपला एक सेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर काटा तिशीपर्यंतही गेला नाही. ग्राहकाला चढावर ओझे होऊ नये म्हणून आपण आतला मालच कमी घातलात. ही काळजी सख्खी आईसुद्धा घेत नाही.

तरीही हिशेब पुरा करू. या बॅटरीत उत्तमातले उत्तम चार सेल घातले, तरी साठा पन्नास वॅट-तासांचा. शंभर वॅटचा दिवा त्यावर अर्धा तास चालेल. आपण सहा तास छापलेत. कुठला तरी एक आकडा खरा ठेवावा, इतकीही तडजोड आपण सत्याशी केली नाहीत.

आता ज्या उपकाराची परतफेड होणे नाही, त्याविषयी. आमच्या गटात एक तरुण आहे, नुकताच नोकरीला लागलेला. दिवसभर ऑफिस, त्यात एप्रिलचे ऊन, त्यामुळे डोंगरात सायकल चालवायची तर रात्रीच. पगार बेताचा, म्हणून दिवा आपला. पानशेतच्या अंगाला मुरमाचा एक उतार आहे. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मधे मोकळे गोटे, आणि मागच्या पावसाने आडवे कापून ठेवलेले चर. त्या उताराच्या मध्यावर आपला दिवा गेला. मंद झाला नाही, लुकलुकला नाही, एकदम गेला.

चांगला दिवा बॅटरी उतरू लागली की आधी लाल ठिपका दाखवतो, मग उजेड कमी करतो, आणि घरी पोचण्यापुरती मंद ज्योत मागे ठेवतो. आपल्या पॅकमधल्या चिमुकल्या सर्किटला एवढेच ठाऊक की सेल वाचवायचा. त्याने सेल वाचवला.

ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत आठेक मीटर संपतात, आणि मुरमावर चाक त्यानंतरही घसरतच राहते. झगझगीत उजेडातून अंधारात पडलेल्या डोळ्यांना पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. त्याला दोन सेकंदही मिळाले नाहीत. पुढचे चाक चरात गेले आणि तो खांद्यावर आपटला. कॉलरबोन मोडले, आत पट्टी आणि स्क्रू बसले. आम्ही त्याला मोबाइलच्या उजेडात खाली आणले. त्याच्या आईला फोन करून सांगायचे काम माझ्याकडे आले. त्या फोनबद्दल आपले आभार कसे मानावेत, याला पत्रव्यवहाराच्या रीतीत शब्द नाहीत.

लहानसहान उपकारही विसरलेलो नाही. दिवा हँडलवर धरायला आपण रबराचे एक कडे दिले आहे. पहिल्या खडबडीत उतारावर दिवा मान खाली घालतो आणि पुढच्या चाकाकडे बघत राहतो. विनय हा गुण वस्तूतही उतरवता येतो, हे आपण दाखवलेत.

बटणही एकच. मंदवरून प्रखरवर यायचे तर मधे लुकलुकणारा झोत पार करावा लागतो. ऐन वळणावर जग तुकड्यातुकड्यांत दिसते. असे बटण ठेवणाऱ्याने रात्री एकदाही सायकल हातात धरली नसावी, असा आदरयुक्त संशय येतो.

उजेडाचा रंगही आपण निळसर पांढरा निवडलात, कारण दुकानात तो जास्त प्रखर वाटतो. त्या उजेडात तांबडा मुरूम राखेरी आणि सपाट दिसतो. गोटा आणि गोट्याची सावली एकच वाटते. वाटेवर वेटोळे घालून बसलेले तपकिरी फुरसे मातीतून वेगळे ओळखता येत नाही. आमच्या डोंगरांना किंचित पिवळसर उजेड लागतो. पण आपले लक्ष गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर आहे, वाटेवर नाही.

आणि समोरून मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन येणारा माणूस? जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूने कापलेला असावा लागतो, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आपला झोत गोल गरगरीत. गावात शिरताना तो खाली वळवला नाही, तर ज्याच्या गावची ती वाट आहे तोच आंधळा होतो.

विक्रेतेसाहेब, पुरे झाले साहेब-साहेब. आपण खोटे छापता, आणि ते खोटे आहे हे आपल्याला माहीत आहे. भिंतीवर दिवा मारून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कळत नाही, हेही आपल्याला माहीत आहे. ते कळते उतारावर, आणि तेव्हा आपण तिथे नसता.

जे आपण डब्यावर छापणार नाही, ते दिवा घ्यायला निघालेल्यांसाठी इथे लिहितो. आमच्या वाटांना दोन दिवे लागतात. खऱ्या मोजणीचे हजारेक ल्यूमेन हँडलवर, पसरट झोताचे. पाचशे-सहाशे हेल्मेटवर, अरुंद झोताचे. हँडलवरचा दिवा चाक वळेल तिकडेच बघतो, तर आपल्याला वळणापलीकडचे बघायचे असते, म्हणून हेल्मेटवरचा हवा. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या रेषेत असल्याने सावल्या पुसतो आणि खड्डा सपाट दाखवतो, म्हणून खालून येणारा उजेडही हवा. शिवाय एक दिवा गेला तर दुसरा असतो. आमच्या त्या मुलाकडे दुसरा नव्हता. पावसाळी धुक्यात मात्र हेल्मेटवरचा विझवावा. त्याचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो.

दुकानदाराला विचारायचे ते असे. ल्यूमेन ‘एफएल-१’ मानकाने मोजले आहेत का? अमेरिकेत २००९ साली आलेल्या या मानकात दिवा लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाने, तो थोडा तापल्यावर मोजणी सुरू होते. पण त्याच मानकात ‘किती वेळ चालतो’ हा आकडा उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. म्हणून तासातासाने उजेड किती उरतो, याचा आलेख मागावा. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दाला अर्थ नाही. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोड्यांपुरता बचाव, आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक नसेल, तर दिवा परत ठेवावा. तसली बॅटरी घरात रात्रभर चार्जिंगला लावण्याच्या लायकीची नाही.

आपल्याकडे मागणे एकच आहे. पुढच्या खेपेला डब्यावर खरा आकडा छापा. आठशे असेल तर आठशे लिहा. आठशे ल्यूमेनचा प्रामाणिक दिवा सोळाशे रुपयांना आनंदाने विकत घेणारी पुष्कळ मुले इथे आहेत, आणि ती त्या उजेडाच्या बेतानेच उतार उतरतील.

छापणार नसाल, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत. आणि ज्यांनी असा दिवा घेतला आहे त्यांना विनंती, की डबा फेकू नका, बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

कळावे.