पंखा बंद करा, ड्रेपरी हलतेय!

इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या स्थिरचित्रात सगळ्यात गुणी बाळ म्हणजे तांब्या. ठेवला तिथे बसतो. पोट सुटलेलं, पण दोन्ही बाजूंनी सारखंच सुटलेलं. वांगंही तसं सज्जन. खरी भानगड त्यांच्यामागे सोडलेल्या कापडाची, म्हणजे ड्रेपरीची. सर ते टेबलावर टाकतात, मागे सरून डोळे बारीक करतात, एक टोक जरा ओढतात आणि म्हणतात, "हं, करा सुरू." पोरं अर्ध्या घडीपर्यंत पोचतात न पोचतात तोच कुणीतरी पंखा लावतं.

कला संचालनालयाच्या या परीक्षेत ए श्रेणी मिळाली की दहावीला 7 वाढीव गुण, बी ला 5, सी ला 3. त्यामुळे चित्रकलेशी दूरची सोयरीक नसलेली पोरंही पेन्सिली तासून बसतात. एकाच्या कापडाला पट्टीने मारल्यासारख्या उभ्या रेषा, की गोठ्यावरचा पन्हाळी पत्रा वाटावा. दुसरा दिसेल ती सुरकुती इमानदारीने काढतो. बिचारं कापड दोन तासांत म्हातारं होतं.

चुण्या कुठूनही सुरू होत नाहीत, हे लक्षात यायला वेळ लागतो. कापड जिथे अडकलं, टेकलं किंवा दाबलं गेलं, तिथून त्या निघतात. ताण संपला की ढिल्या पडतात. अमेरिकेतल्या जॉर्ज ब्रिजमन या चित्रशिक्षकाने त्यांचे सात प्रकारच पाडून ठेवले. लिओनार्दोने तर पंख्याची कटकटच मिटवली होती. त्याचा चरित्रकार वासारी लिहितो, की लिओनार्दो मातीचे पुतळे करून त्यांवर ओल्या मातीत भिजवलेली फडकी पांघरायचा आणि मग निवांत चित्रं काढायचा. आपल्याकडे हा प्रयोग शाळेच्या टेबलक्लॉथवर केला, तर कापडाआधी शिपाईमामांच्या कपाळावर घड्या पडतील.

वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या पोरांना मात्र एवढा खटाटोप करायची गरज नाही. पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी. बंजारा समाजाची ही काशी. रामनवमीच्या यात्रेला इथे तांड्यातांड्यांतून माणसं लोटतात आणि ड्रेपरी अक्षरशः चालत येते. बंजारा बायकांचा फेटिया, म्हणजे घागरा, कमरेपाशी गच्च चुणलेला असतो आणि खाली घेर धरतो. वर बारीक असलेल्या चुण्या खाली येताना रुंद नळ्या होतात, आणि पाऊल पुढे पडलं की गुडघ्यापाशी सगळा ताण गोळा होतो. ओढणीचं तंत्र वेगळं. ती डोक्यावर टेकते आणि तिथून सैल झोळ घेत खांद्यावर उतरते.

या कपड्यांवर जडवलेल्या आरशांकडे तर कुणी परीक्षार्थी म्हणून बघतच नाही. समोर असलेला गोल आरसा गोल दिसतो. चुणी वळली की तोच लंबगोल होतो, आणखी वळली की नुसती चकाकती चीर. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल काढून काढून ज्याचं खोडरबर झिजलंय, त्याला हे ओळखीचंच आहे. रंगीत काठही तसाच चहाडखोर: घडीत कुठे बुडतो, कुठे वर येतो, सगळं सांगून टाकतो. म्हणून सुरुवातीलाच पोरांपुढे कोरं पांढरं कापड टाकणं म्हणजे पोहायला शिकवताना आधी पाणीच काढून घेणं.

धुरंधरांना हे बरोबर उमगलं होतं. 1890 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झालेल्या या कोल्हापूरच्या चित्रकाराने ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया'साठी ठिकठिकाणच्या स्त्रिया त्यांच्या पेहरावासह रंगवल्या. लुगड्याचा काठ त्यांच्या हातात शोभेपुरता राहत नाही. आतलं शरीर कुठे वळलंय, हे तोच दाखवतो.

पोहरादेवीत आता बंजारा विरासत संग्रहालयही झालंय. 5 ऑक्टोबर 2024 ला त्याचं उद्घाटन झालं. तेव्हा आसपासच्या चित्रकला शिक्षकांनी एखादी सहल किल्ल्याऐवजी इकडे न्यावी आणि पोरांच्या हाती मोबाइलऐवजी वही द्यावी. यात्रेत कुणाचं चित्र काढायचं, तर मात्र आधी विचारा: "याडी (आई), काढू का?" नाही म्हणाली, तर पेन्सिल खिशात.