सहावी लडी

न्यूयॉर्कहून राइनबेकला आगगाडीने जायचं तर डाव्या खिडकीशी बसावं. दीड-पावणेदोन तास हडसन नदी आणि ऑक्टोबरात लालबुंद झालेली झाडं फुकटात दिसतात. निसर्गवर्णन संपलं. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इथे डचेस काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर मेंढ्यांचा आणि लोकरीचा मेळा भरतो. आधी मेंढ्या बघाव्यात असं जाणकार सांगतात. माझ्यासारख्या उष्ण कटिबंधातल्या माणसाचं नाक आधी तळलेल्या आर्टिचोककडे वळतं, आणि स्वेटर म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांना सोबत, इतकीच आपली या विषयातली पदवी. पण लोकरीतलं काही न कळणाऱ्यालाच इथला हिशेब नीट दिसतो. माझं म्हणणं असं, की घरच्या पातेल्यात लोकर रंगवून विकणारी छोटी दुकानदारीण जगते ती गिऱ्हाइकांच्या मनसुब्यांवर. घेतलेली सगळी लोकर खरोखर विणायची असं गिऱ्हाइकांनी ठरवलं, तर तिचा धंदा दुपारपर्यंत बसेल.

पुरावा म्हणून सहाव्या लडीचं संकट घ्या. जाड सुताची 100 ग्रॅमची लडी साधारण 200 मीटर भरते आणि मोठ्या माणसाच्या स्वेटरला बाराशे मीटर तरी लागतं, म्हणजे सहा लड्या. खुंटीवर मात्र असतात पाच. गिऱ्हाईक पाच लड्या छातीशी धरतं आणि विचारतं, ‘अजून एक?’ दुकानदारीण टेबलाखाली वाकते, खोकी उपसते, टोपल्या उलट्या करते. मागे रांग थबकते. कोणीतरी शेजारची मोरपंखी लडी पुढे करून ‘ही चालेल की’ म्हणतं, आणि पाच-सहा बायका त्याच्याकडे अशा बघतात की त्याने आर्टिचोककडे परत जावं. दहा बाय दहा फुटांच्या गाळ्यात एवढा गहजब! मग एकेका रंगाच्या दहा-दहा लड्या का आणत नाही, हा आक्षेप व्यवहारी माणूस घेणारच. कारण रंग कारखान्यात होत नाही. लोकरीच्या पाण्यात रंग आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड घालून ते तापवायचं. लोकर रंग पिऊन घेते आणि पातेल्यातलं पाणी पुन्हा नितळ दिसू लागतं. पातेल्यात मावतील तेवढ्याच लड्या एका घाण्याला. पुढचा घाणा त्याच मापाने केला तरी पाणी आणि आच आपलं म्हणणं मांडतातच, आणि निळ्याचा जरा जांभळा होतो. शिवाय कोरी लोकर आधीच पैसे मोजून भरून ठेवलेली. चाळीस रंग मांडले तर गाळा भरल्यासारखा दिसतो. दहाच रंग ढिगाने मांडले तर गोदाम दिसतं, आणि गोदामापाशी कोण थांबणार? त्यातून कुठला रंग उठेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एखादी नावाजलेली डिझायनर सकाळी मोहरीच्या रंगाचा स्वेटर घालून फिरली, की दुपारी मैदानात मोहरी औषधालाही उरत नाही.

गंमत पुढे आहे. पाचच लड्या असूनही त्या पाच विकल्या जातात. सहावीवाचून अडतं ते खरोखर विणणारीचं. बाकीच्यांना पाच भरपूर. यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो अंगावर चालून येतो: इथे जो तो हाताने विणलेला स्वेटर घालून आलेला असतो! मेळ्यासाठी खास विणलेल्या स्वेटरला ‘राइनबेक स्वेटर’ असं नावच पडलं आहे. आदल्या रात्री बाही जोडतात, गाडीत बसून सुताची टोकं आत ओवतात आणि ऑक्टोबरने अचानक उन्हाळा काढला तरी अंगातून उतरवत नाहीत. त्या दिवशी मैदानात मेंढ्यांपेक्षा माणसं जास्त धापा टाकतात. स्वेटरवर घाम गाळणारी माणसं पाहून मला पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटावं, इतका तो देखावा ओळखीचा. पण अंगावर स्वेटर एक आणि पिशवीत लोकर तीन स्वेटरांची, हे गुणोत्तर आक्षेप घेणाऱ्यांनीही पाहावं. उरलेलं आयुष्य संपेल पण साठवलेली लोकर संपणार नाही, या अवस्थेला विणणाऱ्यांनी आपसांत विनोदी नावही ठेवलं आहे. म्हणजे फसवणूक कोणाचीच नाही. कपाटातल्या न वाचलेल्या दिवाळी अंकांना आपण पैसे फुकट गेले असं कुठे म्हणतो?

एक मात्र मला खटकतं. ही हौस ज्या बाईच्या जिवावर चालते तिला स्वतःला विणायला सवड नसते. गाळ्यावर टांगलेला नमुन्याचा स्वेटर बहुधा दुसऱ्याच कोणी विणून दिलेला. तिची नखं निळी, पाय सुजलेले, आणि येणारा प्रत्येक जण तो स्वेटर चाचपून ‘तुमचं बरं आहे, दिवसभर लोकरीत!’ म्हणतो. त्यावर ती हसते. हे हसणं किमतीत धरलेलं नसतं, धरायला हवं.

रविवारी दुपारी गाळ्यावर सुट्या एकेक लड्या उरतात आणि त्याही जातात, कारण टोपीला एक पुरते. पाचवाली तेवढ्यात परत येते. दुकानदारीण सांगते, रंगवून टपालाने पाठवीन, पण फरक पडेल. दोन दोन ओळी आलटून पालटून विणा, म्हणजे कळणार नाही. गिऱ्हाईक आनंदाने पत्ता लिहितं, आणि सोबत आणखी एका रंगाच्या पाच घेतं.