अनिरुद्धराव, एकदा उरायासुला या

श्री. अनिरुद्ध देशमुख यांस,
समृद्धी बंगला,
दिवाणखाना (जिथे सगळे कायम उभे असतात)



तुमची 'आई कुठे काय करते' ही मालिका स्टार प्रवाहवर ३० नोव्हेंबर २०२४ ला आटोपली, हे मला माहीत आहे. तरी पत्र आत्ता लिहिते आहे, कारण तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जपानात, उरायासुला आलेल्या सासूबाईंनी तुमचे जुने भाग अगदी पहिल्यापासून लावले आहेत आणि आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. स्वयंपाकघरात असो, न्हाणीघरात असो, तुमचा आवाज पोचतो. एवढं सांगितल्यावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

गैरसमज नको. दोन बायकांबद्दल माझी तक्रार नाहीच. पंचवीस वर्षं संसार केलेला माणूस ऑफिसातल्या संजनात गुंततो, हे मला पटलं. तुमच्या बायकोला, अरुंधतीला, ते इतकी वर्षं कळलं नाही, हेही पटलं. ज्या बाईला दिवसभरात गरम पोळी खायला सवड नाही, ती नवऱ्याचा फोन कधी तपासणार? डिसेंबर २०१९ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती नुसती ओट्यापाशी वावरली, तरी तिच्या दमण्यावरून ते घर खरं वाटायचं. माझी तक्रार त्यानंतरची आहे. घटस्फोट झाला, संजना सून म्हणून आली, आणि तरी अरुंधतीही त्याच छपराखाली. कायद्याने एक बायको, घरात दोन. ठीक आहे, असंही होत असेल. पण मग मला सांगा, सकाळचा पहिला चहा कोण टाकत होतं? दूधवाल्याचं बिल कोणाच्या पर्समधून जायचं? ओट्यावर मिसळणाचा डबा कुठे ठेवायचा, यावरून एक तरी भांडण व्हायला नको का? तुमच्याकडे भांडणं झाली ती स्वाभिमान, संस्कार, आईपण यांवरून. दोन बाया एका घरात स्वाभिमानावरून भांडायच्या आधी फ्रिजवरून भांडतात, हो.

आपल्याकडे अशी घरं नव्हती असंही नाही. मुंबई प्रांतात हिंदूंना दुसरं लग्न करायला बंदी आली १९४६ साली आणि देशभर ती आली १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. त्याआधीच्या वाड्यांमध्ये थोरली आणि धाकटी असत. चूल कोणाची, किल्ल्या कोणाच्या कमरेला, हळदीकुंकवाला कोण बसणार, धाकटीच्या मुलांच्या नावे कोणता तुकडा, हे सगळं ठरलेलं असे. न्याय नव्हता त्यात, अजिबात नव्हता. हिशेब मात्र होता. तुमच्या घरात हिशेबच नाही, म्हणून अन्यायसुद्धा खोटा वाटायला लागतो.

आणि कायद्याचंच म्हणाल, तर त्यातही तुमच्या लेखकमंडळींच्या कामाचं पुष्कळ होतं. भाऊराव शंकर लोखंडे यांनी पहिली बायको असताना १९६२ साली गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. का? तर होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही; म्हणजे दुसरं लग्न लागलंच नाही, म्हणून गुन्हाही नाही! असा डाव एखाद्या मालिकेत टाकला असता तर प्रेक्षकांनी 'काहीतरीच काय' म्हणून नाकं मुरडली असती. डिसेंबर २०२२ मध्ये अकलूजला दोन जुळ्या इंजिनिअर बहिणींनी एकाच मंडपात एकाच मुलाच्या गळ्यात माळा घातल्या. दोघींना एकमेकींपासून लांब जायचं नव्हतं, असं कारण सांगितलं गेलं. चूक की बरोबर ते सोडा, कारण तरी समजतं. तुम्ही सगळे 'समृद्धी'त एकत्र का राहत होतात, ते मला आजतागायत कळलेलं नाही. सेट एकच होता म्हणून का?

सातासमुद्रापलीकडचं एक उदाहरण देते. अमेरिकेत 'बिग लव्ह' नावाची मालिका २००६ ते २०११ चालली. युटा राज्यातला एक दुकानदार, तीन बायका, लागून लागून तीन घरं, मागचं अंगण सामाईक. कोणाची रात्र कोणती याचं वेळापत्रक, पैशांवरून कुरबुरी, शेजाऱ्यांपासून लपवाछपवी. तीन बायकांचा संसार माझ्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नाही, पण ते घर मी डोळे मिटून मान्य केलं. पुढे त्या गृहस्थांना कॅसिनो काढायचा होता आणि राज्याच्या सिनेटवर निवडून यायचं होतं. जो माणूस शेजारणीला बिचकून राहतो, तो मतं मागत दारोदार फिरायला लागला! वेळापत्रक मागे पडलं आणि घर हातचं गेलं. तुमचा आणि त्यांचा आजार एकच.

सासूबाई म्हणतात, "अगं, मालिका आहे ती. त्यात खरं कशाला शोधतेस?"

हे बोलणं त्या ज्या गावात बसून बोलतात, त्या गावाचं पोट खोट्यावर भरतं. समुद्रात भराव घालून केलेल्या इथल्या जमिनीवर १५ एप्रिल १९८३ पासून टोकियो डिस्नेलँड उभं आहे. नावात टोकियो असलं तरी पत्ता उरायासु, जिल्हा चिबा. ११ मार्च २०११ च्या भूकंपात इथल्या भरावाच्या वस्त्यांमध्ये जमीन पातळ झाली, रस्त्यांवर चिखल वर आला, गटारांची झाकणं जमिनीबाहेर डोकावू लागली. डिस्नेलँडच्या वाहनतळाचंही तेच झालं. पण आतला सिंड्रेलाचा राजवाडा जागचा हलला नाही, कारण बांधतानाच त्याच्याखाली वाळू ठोकून ठोकून जमीन घट्ट केली होती. बरोबर १५ एप्रिललाच डिस्नेलँड पुन्हा उघडलं. राजवाडा खोटाच आहे, अनिरुद्धराव. खालची जमीन मात्र खरी लागते. सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "जरा आवाज वाढव."

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या वेळी अशी मालिका निघाली तर तुम्ही सहकुटुंब इथे राहायला या. सत्तर चौरस मीटरमध्ये तीन खोल्या आणि एक बैठक. दाराआड उभं राहून ऐकायला जागाच नाही, कारण सगळं आपोआप ऐकू येतं. व्हिसावर आणायला जोडीदार एकच. इथे लग्न लागतं ते नगरपालिकेच्या खिडकीवर कागद देऊन. फुलं, अक्षता, अंतरपाट असला काय, नसला काय, खिडकीवरच्या माणसाला घेणं नाही. परदेशी माणसाने आपल्या देशाकडून 'लग्नाला अडथळा नाही' असा दाखला आणायचा, म्हणजे शेवटच्या मंगलाष्टकाला धावत येऊन "थांबवा हे लग्न" म्हणणारी व्यक्ती आधीच त्या फाइलमध्ये असते. आणि रहिवासी नोंदीत प्रत्येकाच्या नावापुढे कुटुंबप्रमुखाशी नातं लिहावं लागतं. अरुंधतीपुढे काय लिहाल? घटस्फोटित बायकोला तिथे नातं उरत नाही. फार तर 'सोबत राहणारी' एवढीच नोंद होईल. चौदाशे भागांच्या संवादांपेक्षा मला तो एक रकाना भरताना तुमचा चेहरा पाहायला आवडेल.

जपानचे फार गोडवे गातेय असं समजू नका. १८७० च्या इथल्या कायद्यात बायको आणि ठेवलेली बाई दोघी जवळच्या नातेवाइकांत एकाच पायरीवर होत्या. दहा वर्षांनी आलेल्या नव्या दंडसंहितेने ठेवलेल्या बाईला त्यातून वगळलं. म्हणजे तुमच्यासारखे इथेही होतेच, फक्त त्यांची नोंद व्यवस्थित होती.

इथे आलात तर घरकाम वाटून घ्यावं लागेल. जळणारा कचरा वेगळा, बाटल्या-डबे वेगळे, प्रत्येकाचा वार ठरलेला आणि सकाळी वेळेत खाली नेऊन ठेवायचा. ते काम तुमच्याकडे. त्या दोघींचं काय ते त्या बघतील.

कळावे,
आपली एक नाइलाजाची श्रोती,
उरायासु

ता. क. संजनाला वेगळं पत्र टाकते आहे. तिला नोकरीचा अनुभव आहे, बोलणं खणखणीत आहे. एकटीचा अर्ज केला तर तिचा व्हिसा होऊन जाईल असं वाटतं. तुम्ही मध्ये पडू नये.