धक्का मारू का जी?

दाजींच्या हायब्रिड गाडीत बसलं की रस्त्याकडे बघायची सोय नाही. समोरच्या पडद्यावर इंजिनाकडून चाकाकडे, चाकाकडून बॅटरीकडे बाण धावतात आणि दाजी त्यांचं समालोचन करतात. चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागलो, लोहाऱ्यापुढे जंगल सुरू झालं. ताई काचेला नाक लावून वाघ शोधत होती. "बघा, बघा!" दाजी ओरडले. आम्ही दचकून वळलो. "इंजिन बंद! सत्तावीसचं ॲव्हरेज!" वाघ असलाच, तर तो आम्हाला बघून गेला.

व्याहाडपुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ला तो चंद्रपुरातून वेगळा काढला; जंगलाला ही वाटणी कुणी कळवलेली दिसत नाही. मार्कंड्याची देवळं बघितली आणि हेमलकशाच्या ओढीने आष्टीत चहापुरते थांबलो.

दाजी गाडीतच राहिले. गाडी 'रेडी', म्हणजे चालायला तयार न करता नुसता पडदा लावून जुनी गाणी ऐकत पडले. आमचा दुसरा चहा येईपर्यंत गाणं थांबलं, पडदा विझला. गाडी ढिम्म.

हायब्रिडमध्ये बॅटऱ्या दोन. एक दोनशेच्या वर व्होल्टची, गाडी ओढणारी. दुसरी साधी बारा व्होल्टची. सगळा मान मोठीला. पण धाकटीने संगणक जागा करून रिले जोडल्याशिवाय मोठीचा करंट बाहेरच येत नाही. सरकारी कचेरीत साहेब हजर, पण शिपायाकडे किल्ली, तसला प्रकार. विदर्भाच्या उन्हाने म्हातारी झालेली आमची धाकटी गाण्यांत खपली होती.

"धक्का मारू का जी?" दहा-बारा जण बाह्या सरसावून आले.

"हिला धक्का चालत नाही."

"अशी कशी गाडी हाय जी? ट्रक चालू होते धक्क्यानं!"

क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, हे दाजी सांगत बसले. लोकांनी सहानुभूतीने ऐकलं आणि तरीही मागून दोन धक्के मारून पाहिले.

धाकटी बॅटरी डिकीत. डिकी उघडते बटणाने. बटण चालतं धाकटीवर. या चक्रात दाजी घामाघूम झाले, तेव्हा ताईने पुस्तिका वाचून बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्यातलं लाल टोपण शोधलं. एका भाऊंनी ट्रॅक्टर शेजारी लावला, वायरी जोडल्या. कुठेतरी टक् झालं, 'रेडी'चा दिवा लागला. बाकी चिडीचूप.

"चालू त झालीच नाही!" सगळे हळहळले.

तेवढ्यात गाडी आवाज न करता पुढे सरकली. एक आजी चार पावलं मागे झाल्या.

हेमलकसा राहिलं. गोंडपिपरीमार्गे चंद्रपूर गाठेपर्यंत गाडी बंद करायची नव्हती. वाटेत आम्ही जेवलो, तेव्हा दाजी पहाऱ्याला आत. मधूनच इंजिन आपोआप घुरघुरे, की बाहेरची कुत्री भुंकत. महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसल्या. २,९२० मेगावॉटचं हे केंद्र. त्याच्या गावात बारा व्होल्ट मिळायला मारामार! ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या हव्या तितक्या. पण आमची प्रवाशांजवळ बसणारी, तिला वायू बाहेर सोडायची नळी लागते. तसली बॅटरी दुसऱ्या दिवशी नागपूरहून एसटी पार्सलने आली.

दुकानदाराने जुनी काढली, नवी बसवली, जुनीचे पैसे वळते केले. पडदा उजळला. घड्याळात बारा, ॲव्हरेजच्या जागी शून्य.

"माझे सत्तावीस कुठे गेले?" दाजींनी विचारलं.

"नवीन बॅटरी हाय जी," दुकानदार म्हणाला, "तिले काय मालूम?"