सादळणं

लोणावळ्याची माझी आत्या जुलैत चिक्की करत नाही. कुणी मागितलीच तर "सादळेल" एवढंच म्हणते आणि विषय संपवते. या एका क्रियापदात काय काय मावतं, ते कळायला मला एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि वर प्रयोगशाळेतली पाच खर्ची घालावी लागली.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, पाण्याचा अंश शिरला की काचेसारखे कडक पॉलिमर मऊ का पडतात. ज्या तापमानाला ते मऊ पडतात त्याला 'काचसंक्रमण तापमान' असं भारदस्त नाव आहे. आत्याला समजावून सांगताना मराठी शब्द शोभून दिसेल म्हणून मी 'बहुवारिक' म्हणाले. "बहुवारिक म्हणजे? सोमवार, गुरुवार, शनिवार सगळे धरणारं?" तेव्हापासून मी मुकाट्यानं पॉलिमर म्हणते. विषय पुरता ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सादळणंच की. त्याला पाच वर्षं?"

आत्याची प्रयोगशाळा म्हणजे एक कढई, उलथनं, तूप फासलेला पोळपाट आणि गार पाण्याची वाटी. गुळाचा पाक उकळताना ती वाटीत थेंब टाकते. तो बोटाला चेपला तर अजून वेळ आहे; वाटीच्या काठावर आपटून टण्णकन वाजला तर दाणे टाकायचे. माझ्या थर्मामीटरनं तो क्षण 150 अंशांच्या जवळपास भरतो. पाणी बहुतेक उडून गेलेलं असतं आणि पाक इतक्या झटकन निवतो, की साखरेच्या रेणूंना ओळीत बसायला सवडच मिळत नाही. जो जिथे असेल तिथेच थिजतो. असं थिजणं म्हणजेच काच. रेणूंना ती सवड मिळाली तर पाक साखरतो आणि वडी भुगा होते. गुळात साध्या साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, ते या ओळी जमू देत नाही. म्हणून ते आत्याच्या बाजूचं. पण पावसाळ्यात हीच मंडळी उलटतात. कोरड्या साखरेची काच 60 ते 70 अंशांना मऊ पडते, फ्रुक्टोजची मात्र 5 अंशांच्या आसपासच. त्यात शेकड्याला चारपाच भाग पाणी पोटात गेलं, की खोलीतल्या हवेतच वडीचा कणा मोडतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे कपाटातले कपडे सादळतात, काडेपेटी सादळते, चिक्कीची काय कथा?

प्रबंधाच्या त्या दिवसांत मी शनिवारी शिवाजीनगरहून लोकल धरून आत्याकडे जायची. तळेगाव आलं की मला काच आठवायची, आणि ती खरीखुरी. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 साली इथे काचेचा कारखाना निघाला, मुलांना काच करायला शिकवणारा. वाळूची काच 1500 अंशांच्या आसपास वितळवायची आणि आत्याची 150ला. स्वदेशीच्या दोन भट्ट्यांत फरक काय तो एका शून्याचा. (आत्याला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली, पण गॅसचा भाव काढून तिनं लगेच माझं गणित मोडलं.)

काच कळत होती; लिक्विड क्रिस्टल मात्र मला वर्गात कधी कळलेच नाहीत. फळ्यावर सर काड्या काढायचे. सगळ्या साधारण एका दिशेनं कललेल्या, पण जागा कुणाचीच ठरलेली नाही. वाहतात द्रवासारख्या, शिस्त स्फटिकाची. मी मान डोलवायची. कळलं ते लोकलच्या दारात. डब्यात पाय ठेवायला जागा नसते, माणसं पुढेमागे सरकत राहतात, पण तोंडं सगळ्यांची एकाच बाजूला. आणि "फलाट पलीकडे येतोय!" अशी हाक उठली की अख्खा डबा वळतो. डिजिटल घड्याळात विजेची टिचकी लागल्यावर रेणू असेच वळतात आणि आकडा उमटतो. आमच्या वळण्यातून फक्त शिव्या उमटायच्या.

हे प्रकरण पहिल्यांदा नजरेस आलं ते एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. 1888 साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवत होता. 145.5 अंशांना ते वितळलं, पण गढूळ, 178.5ला एकदम निवळलं. एकाच पदार्थाचे दोन द्रवणांक! तो चक्रावला आणि नमुना त्यानं ओटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवला. आत्या ही हकीकत ऐकून चक्रावली नाही. "145ला थांबलाच कशाला तो? पाक कच्चा असताना गढूळच दिसतो." तिचं चुकलंय हे मला ठाऊक होतं. कुठे चुकलंय ते मराठीत सांगता येईना, म्हणून मी चहा ठेवला.

प्रबंध मान्य झाला तो नेमका जुलैत. पेढे काय, सगळेच देतात. तू चिक्की कर, असा मी हट्ट धरला. आत्यानं नियम मोडला आणि मी शास्त्र घेऊन सज्ज झाले. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या. आत्यानं चष्मा लावून पुडीवरची अक्षरं वाचली. "खाऊ नये असं लिहिलंय. मग खायच्या डब्यात कशाला?" पुड्या तिच्या शिवणाच्या पेटीत गेल्या. तिथल्या सुया त्या वर्षी अजिबात गंजल्या नाहीत.

चौथ्या दिवशी डबा उघडला तर बारा वड्यांची एकच लादी झालेली. मी मोडायला गेले, ती मोडेना. ताणली गेली, आणि दोन तुकड्यांच्या मधे बारीक तार लोंबू लागली.

"एकतारी," आत्या म्हणाली आणि तिकडचं टोक तिनं तोंडात घातलं.