ओटीपोटाची कैफियत

माझ्या वयास एकविसावे वर्ष लागले असताना, म्हणजे ज्या वयात आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाची थंडी सोसून १८८६ साली वैद्यकाची पदवी हस्तगत केली नेमक्या त्याच वयात, मला नारायण पेठेतून निघून, लकडी पूल ओलांडून, एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची पायरी चढण्याचे धैर्य तीन आठवडे झाले नाही, ही गोष्ट आता कबूल करण्यास हरकत नसावी.

परदेशी निघण्यापूर्वी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे हे आनंदीबाई सांगून गेल्या होत्या. मुद्दा बिनतोड होता. परंतु शंभरांहून अधिक वर्षे लोटून, पेठेपेठेत स्त्री-डॉक्टरांच्या पाट्या लागल्यावरही माझे तोंड उघडेना, याचे कारण असे की तोंडात यावा असा शब्दच आमच्या घरात नव्हता. वास्तविक घर सुशिक्षित. आजोबांच्या ट्रंकेत र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्या’चे अंक होते, मात्र त्यांवर पंचांगाची कव्हरे घातलेली होती. मानेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर जो मुलूख पसरला आहे, त्या सबंध इलाख्यास आमच्याकडे ‘पोट’ हे एकच नाव. आजीच्या काळी कावळा शिवत असे, आईच्या काळी बायका बाजूला बसत, आणि माझ्या वाट्यास नुसती ‘अडचण’ आली. म्हणजे दोन पिढ्यांत कावळा तेवढा उडून गेला, एवढीच काय ती प्रगती.

फिर्याद तशी किरकोळ होती. दरमहा बिनबोभाट रुजू होणाऱ्या पाळीने पूर्वसूचनेवाचून दीर्घ रजा घेतली होती आणि ओटीपोटात मधूनमधून कळ येई. पण मैत्रिणींपाशी हा विषय काढण्याची मला दुर्बुद्धी झाली. “आतून तपासतात गं,” एकीने सांगितले, “चिमट्यासारखं काहीतरी असतं.” तो चिमटा त्यांच्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, प्रत्येकीच्या मावसबहिणीच्या नणंदेने मात्र पाहिला होता. पहिल्या आठवड्यात जो चिमटा होता, तो तिसऱ्या आठवड्यात माझ्या मनात सांडशीएवढा झाला, आणि जाण्याच्या आदल्या संध्याकाळी चहाचे पातेले उतरवताना सांडशीकडे पाहूनच माझा हात असा लटपटला की चहा ओट्यावर सांडला. “लक्ष कुठंय तुझं?” आई म्हणाली. ते कुठे होते हे सांगण्यास, वर निवेदन केल्याप्रमाणे, शब्द नव्हता.

सोबतीस आत्या आली. दवाखान्यावर ‘प्रसूतिगृह’ अशी हातभर अक्षरांची पाटी होती आणि तिच्याखालून एका अविवाहित मुलीने दिवसाढवळ्या आत शिरावे हे आत्यास प्रशस्त वाटेना. म्हणून समोरच्या दुकानात तिने पाव किलो शेंगदाण्यांची घासाघीस केली आणि रस्ता निर्मनुष्य झाल्याची खात्री पटल्यावर मला जवळजवळ ढकलतच आत नेले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांनी जबानी सुरू केली.

“लग्न झालंय?”

“अजून नाही,” आत्या उत्साहाने पुढे सरसावली, “पण बघतोय. पत्रिका फार बघत नाही आम्ही. तुमच्या पाहण्यात एखादं असलं तर…”

“बरं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “शेवटची पाळी कधी आली होती?”

यावर मी गप्प. तारीख मला ठाऊक नव्हती. पण आत्या ताडकन म्हणाली, “गौरी जेवल्या त्या दिवशी! सोळा भाज्या चिरायच्या होत्या आणि ही सकाळीच बाजूला झाली. त्याच्या आदली नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी.” माझ्या देहाचे एवढे चोख दप्तर कोणी ठेवीत असेल आणि त्यातील प्रत्येक नोंद अशी एकेका बुडालेल्या सणाच्या खाती असेल, याची मला तोवर कल्पना नव्हती. बाईंनी कॅलेंडर काढून गौरींची इंग्रजी तारीख शोधली आणि मग आत्यास बाहेर बसण्यास फर्मावले. दार लागल्यावर त्यांनी ‘लग्न झालंय?’ हाच प्रश्न, लग्नाचा उल्लेख टाळून, सरळ मराठीत विचारला. मी सरळ उत्तर दिले. छत कोसळले नाही.

“मग आतून तपासायची काही गरज नाही. पोट बघू, आणि सोनोग्राफी.”

म्हणजे ज्या सांडशीने माझी एकवीस दिवसांची झोप खाल्ली, ती आलीच नाही! सुटल्याचा आनंद झालाच. पण खोटे कशाला बोला, इतकी जय्यत भीती बाळगून अखेर ती वाया गेल्याची किंचित चुटपुटही लागली.

हिरव्या पडद्याआड उंच टेबलावर मी आडवी झाले. बाईंनी आधी स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले. ही एक गोष्ट मी आजतागायत विसरलेले नाही. “पाय दुमडून घे. पोट सैल सोड.” आता, फोटो काढताना, बसमध्ये, पाहुण्यांसमोर, सदैव पोट आत ओढून धरण्याची शिकवण मिळालेल्या मुलीस ते सैल सोडण्याचा हुकूम देणे सोपे, अंमलबजावणी दुष्कर. “सोडलंय,” मी म्हणाले. “हे दगड झालंय,” त्या म्हणाल्या. अर्थात संकोच हा केवळ रोग्याचा मक्ता नव्हे. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरास एका तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणे अवघड वाटले, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून ठोके ऐकले, आणि जगास स्टेथोस्कोप मिळाला. माझ्या संकोचातून मात्र कोणताही शोध लागला नाही. दोन मिनिटांत तपासणी संपली.

खरी सत्त्वपरीक्षा पुढेच होती. सोनोग्राफीसाठी मूत्राशय तुडुंब भरलेले लागते, कारण ते भरले की आतडी बाजूस सरतात आणि ध्वनिलहरींना गर्भाशयापर्यंत जाण्यास जणू खिडकी उघडते. हे शास्त्र मला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच कळले की लिटरभर पाणी पिऊन, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली, बोलावणे येईपर्यंत निश्चल बसावयाचे आहे. आणि समोरच्याच बाकावर, हातात रिकामी बाटली, पायावर पाय घट्ट आवळलेले, मुद्रा समाधिस्थ, अशा बसल्या होत्या आमच्या शेजारच्या लिमयेकाकू! क्षणभर दृष्टादृष्ट झाली. तत्क्षणी आम्हां दोघींत एक अलिखित तह झाला, त्यान्वये त्या भिंतीवरचे घड्याळ पाहू लागल्या आणि मी ती पाटी सतराव्यांदा वाचू लागले. आतले डॉक्टर एका तातडीच्या रोग्यात अडकल्याने पाऊण तासाची तहकुबी जाहीर झाली, तेव्हा काकूंच्या तोंडून जो अस्फुट उद्गार निघाला, त्यावर ओळख न दाखवता मी मनोमन सही केली.

विशेष काही निघाले नाही. “यापुढं तारखा स्वतः लिहून ठेव,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिमयेकाकू विरजण मागण्यास आल्या. आईशी त्या उन्हाबद्दल बोलल्या, डाळीच्या भावाबद्दल बोलल्या. आई आतल्या खोलीत जाताच वाटी हातात धरून माझ्या कानाशी वाकल्या.

“तुला किती बाटल्या प्यायला लावल्या गं?”

“एक.”

“मला दोन,” काकू म्हणाल्या, आणि वाटीवर पदर झाकून निघून गेल्या.