नावं ठेवणारा अंतराळवीर

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात एखाद्या गेमबद्दल मत लिहिलं की आपण तो किती तास खेळलो, हेही शेजारी छापून येतं. ही सोय ज्याने केली त्याचं भलं होवो, कारण तिच्यामुळे एक जमात उजेडात आली. मत असतं, ‘अगदी अळणी. वेळ घालवू नका.’ आणि शेजारी तासांचा आकडा तीनशेच्या पुढे.

अस्सल नमुना पाहायचा तर बेथेस्डा कंपनीचा ‘स्टारफील्ड’ हा अंतराळातला गेम खेळणारा गाठावा. गेम आला ६ सप्टेंबर २०२३ला. पण महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना पाच दिवस आधी प्रवेश होता, त्यामुळे आपल्या गड्याने कंटाळासुद्धा आगाऊ बुकिंग करून मिळवला. १२५ जीबी जागा हवी होती. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर गेला, ऑफिसात व्हायरल ताप कळवला गेला आणि स्वारी आकाशात.

तेव्हापासून भेटला की गाऱ्हाणं सुरू. “अरे, हजार ग्रह! हजार! आणि त्यांच्यावर काय? दगड.”

गाऱ्हाणं खरं आहे, हे आधी कबूल करू. एका ग्रहावर उतरावं, एक पडीक क्रायो लॅब दिसावी. आतल्या चाच्यांना लोळवावं, टेबलावरची चिठ्ठी वाचावी, कपाट फोडावं. मग दुसऱ्याच सूर्याभोवतीच्या दुसऱ्याच ग्रहावर उतरावं, तर तीच लॅब! तेच कपाट, त्याच टेबलावर तीच चिठ्ठी, मेलेला इसमही त्याच जागी मेलेला. इमारती माणसांनी रचलेल्या, पण मोजक्या. त्या कुठल्या ग्रहावर मांडायच्या ते संगणक ठरवतो, आणि संगणकाला लाज नसते. आपल्या गड्याला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तरी दिसेल त्या लॅबमध्ये तो शिरतोच. “उजवीकडे वळलास ना, की जिना आहे, खाली दारूगोळा ठेवलाय,” असं मामाच्या वाड्याबद्दल सांगावं तसं सांगतो. वर म्हणतो, “काही म्हणजे काही नवीन नाही रे.”

आई चहा घेऊन येते, पडद्यावरचं करडं माळरान बघते.
“काय आहे रे तिथे?”
“काही नाही गं.”
“मग गेलास कशाला?”
“बघायला.”

नोव्हेंबर २०२३मध्ये कंपनीने अशा कुरकुरणाऱ्यांना उत्तरं दिली. आशय असा, की चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनाही तिथे काही सापडलं नव्हतं, पण ते कंटाळले नाहीत. आपला गडी भडकला. “आर्मस्ट्राँगला चंद्रावर एकच लॅब तीनदा लागली होती का? आणि दर दारात लोडिंग स्क्रीन होता का?” यानात चढा, लोडिंग. उडा, थांबा. दुसऱ्या सूर्यमालेत जायचं तर नकाशावर बोट ठेवा, पुन्हा लोडिंग. एवढी प्रकाशवर्षं ओलांडून उतरलं की पुढे पायी! गाडी मिळाली ती ऑगस्ट २०२४मध्ये, जवळजवळ वर्षभराने. तोवर त्याने तंगडतोड करून, पाठीवर पेलवेना इतकं भंगार लादून, धापा टाकत ग्रहामागून ग्रह तुडवले होते. भंगार कशाला? “लागलं तर?”

सोबतीच्या पात्रांवर त्याचा वेगळाच राग. सारा, सॅम, बॅरेट, आंद्रेया, सगळे भलतेच सज्जन. जरा कुणा निरपराध माणसावर गोळी झाडावी, की यांची तोंडं वाकडी. “अंतराळात येऊनही सोसायटीचे सेक्रेटरी!” हे त्याचं मत मला पटतं. गेममधल्या निऑन शहरातल्या र्‍यूजिन कंपनीत हेरगिरीची नोकरी धरली, तर पहिलं काम कॉफी आणून देण्याचं. हिंजवडीतल्या मॅनेजरला त्याने आजवर पाण्याचा ग्लासही दिलेला नाही. इथे मुकाट्याने कपांचा ट्रे घेऊन गेला.

एवढं करून गेम संपला. संपला की हा गेम विचारतो: यानं, पैसा, तळ, गोळा केलेलं सगळं इथेच टाकून नव्या विश्वात जाणार का? कौशल्यं राहतील, गोष्ट पुन्हा तीच. शहाणा माणूस इथे कॉम्प्युटर बंद करतो. आपला गडी गेला. पुन्हा ती शक्ती देणारी मंदिरं, पुन्हा त्यांच्यात अधांतरी तरंगत प्रकाशाचे ठिपके पकडणं, दर वेळी तेच. “हे तर सगळ्यांत रटाळ,” तो म्हणाला, तेव्हा तिसरं विश्व चालू होतं.

२०२३च्या स्टीम पुरस्कारांत ‘सर्वांत नावीन्यपूर्ण’ खेळाचा मान खेळाडूंच्या मतांवर याच गेमला मिळाला. लोकांनी मनापासून मतं दिली की खवचटपणे, देव जाणे. मी त्याला विचारलं, “तू कुणाला दिलंस?” तो म्हणाला, “मतदान गुप्त असतं.”

पुढे मात्र त्याने जाहीर केलं, की आता या कंपनीचं तोंड बघायचं नाही. ३० सप्टेंबर २०२४ला ‘शॅटर्ड स्पेस’ नावाची पुरवणी आली. महागड्या आवृत्तीत तिचे पैसे आधीच भरलेले, सोडायचे कसे? रात्रभर जागला. हजार ग्रह नकोत, एकच नीट घडवलेला द्या, असं तो वर्षभर सांगत आला होता. या पुरवणीची जवळजवळ सगळी कथा एकाच, हाताने घडवलेल्या ग्रहावर घडते. सकाळी त्याचा फोन आला.

“एकच ग्रह दिलाय रे! एवढ्या पैशात?”